वेशीबाहेरची म्हातारी

४ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून तू तोंड फुगवून बसली असशील. बैस. इथे मला जेवायला फुरसत नाही, आणि मला जेवायला फुरसत नाही म्हणजे काय ते तुला वेगळं सांगायला नको.

म्युझियमचं काम अंगावर आलंय. राजधानीचा पहिल्यापासून आजपर्यंतचा इतिहास, सहा दालनं. पहिल्यात नदीचा उतार आणि चार होड्या, कारण सुरुवातीला राजधानी तेवढीच होती. दुसऱ्यात पहिला राजा आणि तट. तिसऱ्यात वेढा, चौथ्यात मोठी आग, पाचव्यात परके राज्यकर्ते आणि त्यांनी घरं पाडून काढलेले रुंद रस्ते. सहाव्यात आपले मंत्री, हसताना. पुतळे सगळे माझ्याकडे. चेहरे जिवंत माणसांवरून साचे घेऊनच करायचे, हा माझा हट्ट. नावाडी म्हणजे आमचा कँटीनवाला. पहिला राजा म्हणजे आमचे साहेब. त्यांनी स्वतःच सुचवलं.

तिसऱ्या दालनाला एक म्हातारी हवी आहे. वेढा वर्ष उलटलं तरी उठेना, तेव्हा धान्य पुरावं म्हणून राजाने शहरातली म्हातारी माणसं वेशीबाहेर काढली आणि दार लावून घेतलं. शत्रूनेही त्यांना पुढे सोडलं नाही. तट आणि छावणी यांच्या मधल्या मोकळ्या जागेत ती बसून राहिली. त्यातली एक. आईचा साचा घेऊन पाठव. बाबांच्या हाताखाली तू माझ्यापेक्षा चांगले साचे काढायचीस, आणि छताला लावायची प्लास्टरची फुलं करण्यापेक्षा हे काम सोपं आहे. भुवयांना व्हॅसलीन मात्र चोपडून लाव.

तिच्या गिळण्याच्या त्रासाचं कळलं. इथल्या मोठ्या हॉस्पिटलात आणूच. इथल्या सरकारी कर्मचाऱ्याच्या सहीशिवाय बाहेरगावच्याला बेड देत नाहीत, ती सही मी करीन. फक्त हे काम मार्गी लागू दे. सध्या घरात पाय ठेवायला जागा नाही, हॉलभर मुंडकी वाळतायत. ही वैतागून माहेरी जायचं म्हणते.

आईला नमस्कार. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
ढब्बू


१७ जून

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

साचा लाकडाच्या भुशात गुंडाळून पाठवलाय. पहिला फुकट गेला, कारण प्लास्टर नाकापर्यंत आल्यावर तिला हसू फुटलं. दुसरा नीट आला. कुठल्या राणीचा पुतळा, असं विचारत होती. मी म्हटलं, जुन्या काळची कोणीतरी आहे. मग तिने मोत्यांच्या कुड्या घातल्या. त्या काढायला लावताना मी तुझ्या नावाने बोटं मोडली.

आता ऐक. घास घशाखाली जातो आणि मध्येच अडतो. पातळ केलेलं चार चमचे उतरतं, बाकी परत येतं. इथले डॉक्टर म्हणाले, अन्ननलिका बारीक झालीय, राजधानीत आत नळी बसवून वाट मोकळी करतात, बाई पुन्हा जेवायला लागेल. पण अंगात ताकद आहे तोवर न्या, म्हणाले. तेव्हा तुझी मुंडकी जरा भिंतीकडे सरकव आणि एक खाट टाक. तेवढं झालं की मी तिला घेऊन निघते.

सूनबाईंना आशीर्वाद. आठवण ठेवतोस तशीच ठेव, पण थोडी लवकर.

तुझी ताई


१ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

साचा बघून डोळे निवले. कपाळावरची एकही सुरकुती सुटलेली नाही. बाबा असते तर तुला शाबासकी दिली असती आणि मला टपली.

अडचण एकच. चेहरा भरलेला दिसतो. आमचे साहेब म्हणाले, ही बाई वेशीबाहेर बसलेली वाटत नाही, आतल्या कोठारावर बसलेली वाटते. सगळे खो खो हसले. मीही हसलो, पण खरं आहे. महिन्याभराने आणखी एक घेशील का? तोवर थोडा फरक पडेलच.

हॉस्पिटलात चौकशी केली. तिथला कारकून ओळखीचा निघाला, सही केली की बेड नक्की. पण नळी बसवली की माणूस आठवड्याभरात बाळसं धरतं म्हणे. तेव्हा साचा आधी आणि नळी मग, हे बरं. एकदा ते झालं की मग कितीही खाऊ दे, मीच भरवतो.

ताई, तो राजा क्रूर होता असं शाळेत शिकवतात. मला नाही वाटत. त्याने दार लावलं म्हणून शहर टिकलं, आणि शहर टिकलं म्हणून राजधानी झालं. कुणाला आत ठेवायचं हे ज्याला कळतं त्याचंच शहर मोठं होतं.

आईला सांग, तिच्यावाचून दालन अडलंय. माया आहे तशी राहू दे.

तुझा,
ढब्बू


३ ऑगस्ट

चि. ढब्बूस,
आशीर्वाद.

दुसरा साचा पाठवलाय. या वेळी ती हसली नाही, त्यामुळे एकाच खेपेत झाला.

मी बाबांच्या प्लास्टरच्या शेडमध्ये कामाला गेले असताना तिने तुझं पत्र माझ्या उशीखालून काढून वाचलं. राणीचं बिंग फुटलं. मला वाटलं, रडेल. तर विचारते कशी, मागचा नापास झाला का? मी म्हटलं, तुझा मुलगा मास्तर झालाय. तिला ते फार आवडलं. दिवसभर शेजारणींना सांगत होती.

तुला गमतीने विचारत नाही, ढब्बू. तुझी म्हातारी उभी करायला माझी म्हातारी वाळत घातली आहेस का? आता पेजेचं पाणी तेवढं उतरतं. न्हायला बसवताना मी तिला एका हाताने उचलते. डॉक्टर रोज रागावतात. माझी सही तिथे चालत नाही, नाहीतर तुझ्या तोंडाकडे बघत बसले नसते.

पत्र मिळताच सही कर. बाकी गप्पा नंतर.

ताई


१२ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं बोलणं मनाला लागलं. मी काय परका आहे? आईची काळजी मला नाही, असं तू समजूच कशी शकतेस? हीसुद्धा म्हणाली, ताईंची जीभ फार चालते.

साचा खूपच चांगला आहे. गालफडं वर आली आहेत. फक्त त्यांच्या खालचा खड्डा अजून हवा तसा नाही, तिथे वरून दिव्याचा उजेड पडला की सावली साठायला हवी. अगदी थोडक्यात राहिलंय. वीस-पंचवीस तारखेला शेवटचा एक घे. तो मनासारखा आला की त्याच दिवशी हॉस्पिटलात जाऊन सही करतो. शब्द देतो, आणि हे आईला वाचून दाखव म्हणजे तिलाही धीर येईल.

रागावलीस तरी प्रेम कमी करू नकोस.

ढब्बू


२४ ऑगस्ट

चि. ढब्बूस,
आशीर्वाद.

तुझा शब्द तिला वाचून दाखवला. तिने तो पुन्हा एकदा वाचायला लावला. मग आपणहून टॉवेल गळ्याभोवती बांधून आडवी झाली, श्वासासाठीच्या नळ्याही नाकात स्वतःच धरल्या. प्लास्टर तापायला लागलं की ती नेहमी चुळबुळ करते. या वेळी बोटसुद्धा हललं नाही. साचा उचलून आतून पाहिला आणि मला भीती वाटली. एवढी खंगली आहे, हे रोज बघूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

तिची पिशवी भरून ठेवली आहे. तू फक्त 'या' एवढंच लिही.

ताई


४ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

साचा खोक्यातून काढला आणि सगळा विभाग भोवती जमला. साहेबांनी तर चष्मा काढला. अख्ख्या म्युझियममध्ये एवढा खरा चेहरा दुसरा नाही.

आता जे लिहितो ते मन घट्ट करून वाच. सही करायला निघालोच होतो. तेवढ्यात मोठ्या हॉस्पिटलचे डॉक्टर इथे आले. पुतळ्यांची हाडं, शिरा बरोबर आहेत का, हे तेच तपासतात. त्यांना साचा दाखवला, आईचं सगळं सांगितलं. त्यांनी तो खिडकीशी नेऊन पाहिला. म्हणाले, गाल इतके आत गेल्यावर नळी घालण्यात अर्थ नाही, टेबलावरच जाईल, प्रवासाचे हाल करू नका. बेड दुसऱ्या कुणाला तरी उपयोगी पडेल. म्हणून सही केली नाही.

आईला यातलं काही बोलू नकोस. तिला शांत पडू दे. उद्घाटन एकोणीसला आहे, ते झालं की मी येऊन जातो. धीर सोडू नकोस, आणि माझ्यावर जीव असू दे.

ढब्बू


२० सप्टेंबर

ढब्बू,

तिच्यापासून मी काही लपवू शकले नाही. माझा चेहरा बघूनच तिने पत्र मागितलं. वाचलं, आणि बऱ्याच दिवसांनी हसली. म्हणाली, अगं, तेवढे कुठे गेले होते? मीच दोन्ही गाल आत ओढून दाढांखाली धरून ठेवले होते, प्लास्टर सुकेपर्यंत. त्याला एकदा मनासारखं मिळालं की तो लगेच बोलावतो, लहानपणापासून तसाच आहे. मग म्हणाली, त्या डॉक्टरांना लिही, म्हातारीने लबाडी केली. आणि ती पिशवीकडे बघत बसली.

पत्राने उशीर होईल म्हणून त्याच दुपारी पोस्टातून तुझ्या ऑफिसात फोन केला. तू दालनात दिवे लावतोयस, म्हणाले. दुसऱ्या दिवशी केला, तर तू मंत्र्यांबरोबर होतास. तुझ्या बायकोला केला. ती म्हणाली, निरोप ठेवते, पण उद्घाटन होईपर्यंत त्यांना त्रास नका देऊ.

आई परवा सकाळी गेली. शेवटी पाणीसुद्धा उतरत नव्हतं.

गेल्यावर मी तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवला. आपल्या घरात साच्याची ओळख हाताला असते. गाल तेव्हाही तुझ्या साच्याइतके आत गेले नव्हते.

ताई


२९ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र हातात घेऊन किती वेळ बसलो होतो ते माझं मला माहीत. यायला हवं होतं. पण उद्घाटनानंतर रोज कोणी ना कोणी पाहुणे, आणि दाखवायला मीच लागतो. तुझा फोन आल्याचा निरोप मला मिळाला होता, पण तो आईच्या तब्येतीबद्दल नेहमीसारखाच असेल, असं वाटलं.

दालनाचं खूप कौतुक होतंय. तटावर राजा आहे, त्याच्याकडे कोणी बघत नाही. सगळी गर्दी आईपाशी. बायका डोळे पुसतात. एकीने मला विचारलं, हिला मुलं नव्हती का? मी सांगितलं, असणार, पण ती तटाच्या आत होती.

एक विनंती आहे. गाल ओढल्याचं कुणाजवळ बोलू नकोस. पाटीवर 'प्रत्यक्ष चेहऱ्यावरून घेतलेला' असं लिहिलंय आणि साहेबांनी ते भाषणातही सांगितलं. तुझ्या पत्रानंतर मी काल जेवणाच्या सुट्टीत काच उघडून जवळून पाहिलं. ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांशी, आतून धरल्यासारखी, बारीक चुणी आहे खरी. मी तिथे मेण भरून अंगठ्याने सारखं केलं.

आता काही दिसत नाही.

तुझा,
ढब्बू