तुझे सोमवार मी धरले, आई

प्रिय आई,

आज सोमवार. सासूबाई माझ्यासाठी साबुदाणा परतताहेत, वास पार पलंगापर्यंत आलाय. मल्हार मांडीवर आहे. ओढून ओढून दमला, आत्ता कुठं डोळा लागलाय त्याचा. बाहेर जाऊन सासूबाईंना काय तोंड दाखवू तेच कळेना, म्हणून तुला लिहायला बसले. दुसऱ्या कुणाला सांगू गं?

तू गेलीस तेव्हा मला सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी करतात म्हणे! माझं माहेर तूच होतीस. थांबायचं होतंस की थोडं, एवढी कसली घाई होती? सासूबाईंनी सगळं केलं, नाही म्हणत नाही. शेक, मालिश, डिंकाचे लाडू, कशात कमी पडू दिलं नाही. पण तुझ्यावर खेकसायची तसं त्यांच्यावर खेकसता येत नाही.

बारशाला वरच्या मजल्यावरच्या काकूंनी सगळ्यांदेखत माझ्या पोटाला हात लावला. "अगं बाई, अजून एक राहिलंय का काय आत?" सगळ्या हसल्या, मीही हसले. मग आत जाऊन आरशासमोर उभी राहिले, तर मला मीच ओळखू येईना. सिझरची शिवण, तिच्यावर लोंबणारं पोट. लग्नातला एकही ब्लाऊज दंडातून वर सरकेना. तू असतीस तर म्हणाली असतीस, "गप गं ठके, लेकरू झालंय तुला, आजार नाही झाला." पण तू कुठं होतीस?

जेवण कमी करावं तर सासूबाई ताटाशी बसून राहायच्या. लाडू नको म्हटलं की चेहरा पडायचा त्यांचा. मग मला युक्ती सुचली. म्हटलं, "आईचे सोमवार मी पुढं चालवणार." त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं! गेलेल्या आईच्या उपासाला कोण नाही म्हणणार? मग सोमवारला गुरुवार जोडला, चतुर्थी जोडली, एकादशी जोडली. खिचडीचे दोन घास मी खायचे, उरलेली सागरच्या ताटात सरकवायची. नवऱ्याला काय, आवडीनं खायचा! इकडं बिल्डिंगभर माझं कौतुक, पोर आईच्या वळणावर गेली म्हणून.

वजन उतरलं. लई भरभर उतरलं. खरं सांगू? आनंद झाला मला. केस गळायला लागले तरी तो आनंद काही गेला नाही. पण दूध कमी झालं. मल्हार सारखा किरकिर करायचा आणि मी म्हणायची, पोटात गॅस झाला असेल. मागच्या आठवड्यात त्याला अंघोळ घालून उचललं आणि डोळ्यांपुढं अंधारीच आली. भिंतीला टेकले म्हणून वाचलो दोघं. आई, हातातून निसटला असता गं तो!

शनिवारी सागरनं आम्हाला दवाखान्यात नेलं, मल्हारच्या लशीच्या डोसासाठी. मल्हारला काट्यावर ठेवलं तर मागच्या खेपेपेक्षा वजनात काही वाढच नाही. डॉक्टरबाईंनी त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "तू काय खातेस?" मी उपासाचं सांगितल्यावर कपाळाला हात लावला त्यांनी. "पाजतेस आणि उपाशी राहतेस? वजन सावकाश उतरू दे ना! भाकरी, वरण, भाजी पोटभर खा. रोज थोडं चाल. शिवण दुखेल असा व्यायाम आत्ता अजिबात नको." माझं रक्तही तपासायला घेतलं. येत्या शनिवारी मल्हारला पुन्हा काट्यावर ठेवायचंय. नाही वाढला तर? माझ्यापायी त्याच्या अंगाला काही कमी पडलं तर? सागर म्हणतो काळजी करू नको. कशी नको करू?

आणि दुसरी भीती तुझी! खोट्यानं का होईना, तुझे सोमवार धरले. आता मधेच सोडले तर तुला त्याचा काही दोष लागेल का? सकाळी न राहवून पाचोडला मावशीला फोन केला. ती फोनवरच ओरडली.

"तुझी माय? तुला पाजत व्हती तवा एक सोमवार धरला नाय तिनं! देवळात जाऊन महादेवाला सांगून आली, लेकरू चालाया लागेस्तोर माझा उपास मागू नको, मी भाकरी खाणार हाय. आमची म्हातारी लई बोलली तिला. पर ऐकते व्हय ती!"

आई, हे मला कधीच का नाही सांगितलंस? जन्मभर तुला सोमवारी उपाशीच बघितलं मी. म्हणायची, ही बाई दगडाची आहे, हिला भूकच लागत नाही. आणि माझ्यासाठी तू देवाशी भांडून जेवत होतीस?

सासूबाईंची हाक आली बघ, खिचडी झाली. मल्हारला हळूच पलंगावर ठेवते. जाते. युक्तीचं सगळं खरं सांगते त्यांना. रागावल्या तर रागावू देत, त्यांचा हक्क आहे. आणि त्यांच्याकडूनच दोन भाकऱ्या मागून घेते.

तुला शब्द देते, मल्हार चालायला लागेपर्यंत एकही सोमवार धरणार नाही. महादेवाला तूच सांग, तुझं ऐकतो तो. आणि शनिवारी मल्हारला काट्यावर ठेवीन तेव्हा माझ्या शेजारी उभी राहा, एवढं कर.

लई भूक लागलेली तुझी,
ठकू