गंजलेलं कुलूप आणि तू आणलेलं स्थळ

धाकटे,

तुला थोरलीचे आशीर्वाद. ते आधीच लिहून टाकते, पुढे रागाच्या भरात राहून जातील. तुझे गुडघे कसे आहेत? शेकतेस ना? जावईबापूंचा खोकला थांबला का? मी ठणठणीत आहे, फक्त तुझं नाव निघालं की डोकं भणभणतं. (वेलांट्या चुकल्या तर दात काढू नकोस. आपल्या दोघींना शाळेतून एकाच दिवशी काढलं होतं.)

मला एवढंच सांग, माझी नात नोकरी सोडणार आहे असं तू आणलेल्या स्थळाच्या लोकांना सांगायचा उद्योग तुला कोणी सांगितला होता? पोर सैन्यात बंदुका दुरुस्त करते. रायफल, पिस्तूल, माणसाला हातात धरून चालवता येईल अशी जी जी बंदूक, ती बिघडली की हिच्या टेबलावर येते. कुठे स्प्रिंग थकलेली, कुठे काडतुसाचं रिकामं टरफल आतच अडकून बसलेलं. ही सगळं खोलते, पुसते, बदलते, जोडते आणि गोळी झाडून बघितल्याशिवाय परत देत नाही. आता तिला पुढच्या प्रशिक्षणासाठी निवडलंय. (मी शेजारणीला इतक्यांदा सांगितलं, की हल्ली ती दारच उघडत नाही.) ते झालं की ही दुसऱ्यांचं काम तपासणार, आणि पुढेमागे आख्खी कार्यशाळा हिच्या हाताखाली. ती सुट्टीवर घरी आलीय, सुट्टी संपायच्या आत प्रशिक्षणाला हो की नाही कळवायचं होतं, आणि तू तिच्या वतीनं परस्पर त्या लोकांना नाही सांगून मोकळी! वर मला फोनवर विचारतेस, नोकरी सुटल्यावर काय चोरांच्या बंदुका नीट करणार का? अगं, तुझा जावई जन्मभर फायली सरकवतोय, तो निवृत्त झाल्यावर काय घरात फायली सरकवणार? हिच्या बोटांना यंत्र कळतं. शिवणयंत्र म्हण, कुलूप म्हण, कारखान्यातलं बारीक काम म्हण, हिला कुठेही मागणी आहे.

तरी तुझ्या शब्दाखातर गेलो त्यांच्याकडे. मुलाच्या आईने तुला काय मीठमिरची लावून सांगितलं असेल ते असो, आता माझं ऐक. आपल्या पोरीची एक सवय आहे. कोणी बंदूक हातात देऊन रिकामी आहे म्हणालं, तरी हे दुरुस्तीवाले लोक मानत नाहीत. देणारा साहेब असो की देव, उघडून आत बघायचं, मगच पुढचं. घरीही तेच. (मी रिकामा म्हणून डबा दिला तर त्यात माझी लपवलेली साखर निघाली. प्रकरण डॉक्टरांपर्यंत गेलं.) तर मुलाची आई म्हणाली, मुलाचं पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे, जोरात चालतं. आपली म्हणाली, "बघू या की." बाईंनी चहा पुढे केला, उन्हाचं निमित्त केलं, पण दुकान घराच्या खालीच! खाली गेलो तर शटरला कुलूप. पोरीने ते हातात घेऊन उलटसुलट केलं आणि म्हणाली, "काकू, हा गंज चार दिवसांचा नाही. पाऊस पडून गेला तरी हे कोणी उघडलेलं नाही." बाई म्हणे, किल्ली हरवली होती. पण किल्ली मुलाच्याच खिशात, त्याने निमूट काढून दिली. हिने पर्समधून तेलाची बाटली काढली (बायका पावडर ठेवतात, ही तेल ठेवते), कुलूप उघडलं, शटर वर. आत एक स्टूल आणि एक पंखा, तोही बंद!

आम्ही बिचाऱ्या आत वाकून बघतोय, तर ती बाई आमच्यावरच उसळली. असली हत्यारांशी खेळणारी मुलगी आमच्या घरात नको, नोकरी सोडून आली तरी नको! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "सोडतंय कोण? बंद पडलंय ते तुमच्या मुलाचं, आमच्या पोरीचं छान चाललंय." आणि तरातरा निघाले. पुन्हा माझ्या दारात स्थळ आणशील तर याद राख.

तुझी थोरली

ता. क. पत्र टाकायचं राहून गेलं, तोवर बरंच घडलं. रागाच्या भरात मी त्या बाईच्याच चपला घालून आले होते. दुसऱ्या दिवशी मुलगा माझ्या चपला घेऊन आला. नातीने माझं शिवणयंत्र खोललेलं होतं, हा शेजारी बसला तो संध्याकाळपर्यंत उठलाच नाही. दुकान बंद का पडलं ते त्याने न विचारता सांगितलं. मग रोज यायला लागला. पोरगा वाईट नाही गं. खोटं बोलते ती आई.

पुन्हा ता. क. नातीने काल होकार कळवला. प्रशिक्षणाला, मुलाला नव्हे. मुलाला म्हणाली, माझी बदली होईल तिथे येऊन दुकान काढणार असाल तर बोला. तो लगेच हो म्हणाला आणि मग पांढराफटक पडला, कारण आता हे आईला कोण सांगणार? तूच सांग. स्थळ तू आणलंस ना! रविवारच्या आत जा, गोड बोल, पोरीचं खूप कौतुक कर. आणि हे पत्र तिला वाचून दाखवू नकोस. यातला राग फक्त तुझ्यासाठी आहे, विहीणबाईंना त्यातला वाटा नको.