बाजेखालची शेगडी

काष्टी, ७ मे १९४६
आज सासुरवाडीला पोहोचलो, तर शेगडी! बाहेर ऊन पेटलेले, आत दारे-खिडक्या बंद, आणि हन्नाच्या बाजेखाली फुललेले निखारे! तोंड लालबुंद झाले आहे तिचे. सासूबाईंना स्पष्ट सांगितले — बाळंतीण म्हणजे भाजायचे कणीस नव्हे. उष्णता गरमाकडून थंडाकडे जाते. खोलीच अंगाहून गरम केलीत, तर माझ्या बायकोच्या अंगातली उष्णता जाणार कुठे?

त्यांनी सगळे ऐकून घेतले. म्हणाल्या, "बाळंतिनीला शेक लागतोच, जावईबापू. हन्नाच्या येळंला मी बी घेतला."

मग उंबऱ्यात उभे राहून जाहीर केले — शेगडी हलेपर्यंत आत पाऊल टाकणार नाही. लेकीला हातातही घेणार नाही!

८ मे
सत्याग्रह चालू. उंबऱ्यातून उष्णतेचे तीन मार्ग समजावले — वहन, अभिसरण, किरण. वहनासाठी पितळी पळी उकळत्या पाण्यात धरून दाखवली. बोटे भाजली. आत कोणीतरी हसले.

लेक लांबूनच पाहिली. नाक माझ्यावर गेले असावे.

९ मे
सुप्याची माझ्या व्याख्यानाची सभा पुढे ढकलली. इथले काम अपुरे टाकून कसा जाऊ? आज विलायतेतल्या दवाखान्यांचे दाखले दिले. शेजारच्या बायका कुंपणाशी येऊन ऐकत होत्या. सासरे, शांतवन मास्तर, म्हणाले की पोरीला एकदा घ्या तरी. म्हटले, तत्त्वाचा प्रश्न आहे! इथे दारात उभा आहे तरी शेगडीची झळ तोंडाला लागते — किरण म्हणतात ते हेच! सासूबाई तोंडाला पदर लावून परसात गेल्या. पटत चालले आहे.

१० मे
लेक पहाटे रडत होती. मी उंबऱ्यात. तत्त्व फार जड असते.

११ मे
मोडला सत्याग्रह. सासूबाई बाजाराला गेलेल्या, पोर रडून काळीनिळी, हन्नाला उठवेना. शिरलो आत. आधी ती शेगडी भिरकावायची म्हणून जाड फडके घेऊन उचलली. गार! नुसती राख.

हन्ना म्हणाली, "तुम्ही आलात त्याच संध्याकाळी आईनं विझवली. पटलं होतं तिला. पण शेगडी हलवली असती तर तुम्ही आत येऊन बसला असता, बोलत. मग आम्हाला झोप कुठली?"

उत्तर पुष्कळ देता आले असते. पण लेक माझ्या हातात झोपली होती.