बेअरिंग ठीक आहे

प्रिय मीटरबाई,

तुझा फोन येणं थांबलं त्याला आज नऊ आठवडे झाले. मी रागावलोय असं तू धरून चालली असशील, आणि स्वभावानं माझ्यावरच गेलीस, म्हणजे आता तूही हटून बसली असशील. तर आधी एवढं वाच, की मी रागावलेलो नाही. सकाळी दुकान उघडतो, दिवसभर मोटरींचं वाइंडिंग करतो, मग मागच्या खोलीत एका माणसापुरतं शिजवतो, तेही उरतं. फार एकटं वाटतं गं. तुझी आई असती तर असलं रडगाणं लिहू दिलं नसतं तिनं, पण ती नाही, म्हणून लिहितोय.

त्या अहवालावरून आपलं बिनसलं, हे मला कळतं. कुठल्या कामाचं पुढं काय होणार, ते तुमच्या ऑफिसनं काढलं होतं. मोटरी आणि हत्यारं दुरुस्त करणाऱ्यांच्या ओळीपुढं शंभरात चौसष्ट असा आकडा होता, एवढ्यांचं काम म्हणे यंत्र खाणार. सुट्टीत आलीस तेव्हा तो वाचून दाखवलास, आणि दुकान बंद करून तुझ्याकडे चला म्हणालीस. मी म्हटलं, ज्यानं हा आकडा काढला त्याला आधी मोटरीतलं एक जळकं आर्मेचर तारा सोलून दाखवायला सांग. तुझं तोंड एवढंसं झालं. लहानपणी स्टुलावर बसून मीटरचे आकडे मला ठणकावून सांगायचीस, तेव्हा एकही आकडा मी खोटा धरला नव्हता. हा मात्र हसण्यावारी नेला. चुकलंच माझं.

तसा तुझा आकडा अर्धाअधिक खराच आहे. ड्रिल, ग्राइंडर आता कुणी आणत नाही. आतून चिकटवून बंद केलेली असतात, बिघडली की फेकून देतात. मोठ्या मोटरींना अजून माणसाचा हात लागतो, पण तिथंही धुलाई कारखान्याच्या नव्या मॅनेजरनं प्रत्येक मोटरीवर काड्यापेटीएवढी डबी चिकटवलीय. मोटर जरा वेगळी थरथरली की डबी त्याच्या मोबाईलवर कळवते, बेअरिंग जातंय. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरीला आणि मूठ कानाला लावून मी चाळीस वर्षं हेच सांगत आलोय. म्हटलं, कानामागून आली आणि तिखट झाली.

गेल्या महिन्यात त्यांची मोठी मोटर जळून आली. मी तांब्याच्या तारेचं नवं वाइंडिंग भरलं, व्हार्निश दिलं, वाळवलं, चालवून कान लावला. एकदम गुळगुळीत. चिठ्ठीवर लिहून दिलं, बेअरिंग ठीक आहे. तिकडं बसवली तर डबी बोंबलायला लागली. मॅनेजर बिचारा नम्रपणे म्हणत होता, बेअरिंग बदलून द्या, आणि मी चार कामगारांदेखत त्याला सुनावलं, की तुमची डबी खोटारडी आहे, काढून फेका. आठव्या दिवशी मोटर अडकली आणि माझ्या वाइंडिंगचा कोळसा झाला. हात दाखवून अवलक्षण. उघडून बघतो तर बेअरिंगच्या गोळ्यांना खड्डे पडलेले. तेवढ्यात शेजारची शिंपीण आत आली, अगदी जवळ उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, अहो, तुम्ही मोटर चालवली त्या दिवशीच भिंतीपलीकडं मला खरखर येत होती, पण तुम्ही एवढा वेळ कान लावून बसलेले, म्हटलं तुम्हाला कळलंच असेल.

दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरकडे गेलो. डावा गेल्यात जमा आहे, उजवा अर्धा. बारीक खरखर आधी जाते म्हणे, आणि बायकापोरांचे आवाज. कानात घालायचं यंत्र सांगितलंय, यायला तीन आठवडे आहेत. मॅनेजरची माफी मागून आलो, ते सोपं गेलं. अवघड हे आहे. वर्षभर तू फोनवर जे बोलायचीस त्यातलं निम्मं मला कळतच नव्हतं. फोन खराब झालाय असं समजून मी हो हो, बरं बरं करत राहायचो. शेवटच्या फोनला तू खूप वेळ बोललीस. मधेच थांबलीस, मग हळू आवाजात काहीतरी विचारलंस. मला त्यातला एक शब्द कळला नाही. पुन्हा सांग म्हणायची लाज वाटली. मी म्हणालो, ठीक आहे, तुला योग्य वाटेल ते कर, आणि फोन ठेवला. त्यानंतर तू फोन केला नाहीस. बाळा, मी कशाला ठीक आहे म्हणालो? तू रडत होतीस का? त्या दिवशी जे बोललीस ते सगळं मला कागदावर लिहून पाठव.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेला,
तुझाच
बाबा