अकरा पाकिटं पावटा

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

फुकट मिळालेल्या मातीचा हिशोब. माती : शून्य रुपये. ट्रॅक्टरच्या दोन खेपा, इनामगाव ते शिरूर : चार हजार. ड्रायव्हरचा नाश्ता, त्याच्या दोस्ताचा नाश्ता, दोस्ताच्या दोस्ताचा चहा : एकशे नव्वद. ट्रॉली मागं घेताना गेटचा खांब आडवा झाला : गवंडी सांगेल तेव्हा कळेल. सविताचा, म्हणजे बायकोचा, अबोला : दीड दिवस, अजून चालू आहे.

फुकटात याहून चांगली माती मिळाली नसती. घोड नदीच्या काठची काळी, आणि तीही हर्षदाच्या सासऱ्यांच्या रानातली. व्याही जयसिंगराव दसऱ्याला सोनं द्यायला आले होते. जेवताना सगळ्यांसमोर म्हणाले, "पाव्हणं, बी इकणं येगळं आन् उगवणं येगळं." हसत म्हणाले. पण माझे कान तिखट आहेत. हसण्याच्या आत काय आहे ते मला ऐकू येतं. मीही हसतच सांगून टाकलं, भोगीला सगळे या. पावटा, वांगी, गाजर, हरभरा, भोगीची सगळी भाजी माझ्या परसातली असेल. ते म्हणाले, "मग माती चांगली लागंल. धाडून देतो."

हर्षदानं ताटातून मान वर केली नाही. लग्नाला पाच महिने झालेत, सासरी अजून नवी आहे. बाबा कशाला बोलले, असं वाटलं असेल. भोगीला कळेल.

७ ऑक्टोबर

प्लॅन तयार. पावट्याला मागची अख्खी भिंत. बाकीच्यांना तीन वाफे. बियाण्याचा प्रश्नच नाही. बियाण्याचंच दुकान आहे. शिवाय पावट्याची अकरा पाकिटं काउंटरखाली पडून आहेत, मीरासाहेबची.

मीरासाहेब जुनं गिऱ्हाईक. ऑगस्टमध्ये एकरभर पावट्याचं बी नेलं. भोगीच्या बाजाराला शेंग आणायची, तेव्हाच भाव असतो, असा त्याचा हिशोब. पंधरा दिवसांनी उरलेली अकरा पाकिटं घेऊन दारात. "शेठ, येक कोंब न्हाई. बिलामागं लिहून द्या, बी उगवलं न्हाई. म्हंजी कंपनीकडं दाद तरी मागता यील." मी चहा मागवला. शांतपणे समजावलं, बी एक नंबर आहे, तुझ्या जमिनीत दम नाही. आणि लिहून देण्याचं म्हणशील तर बावीस वर्षं दुकान चालवतोय. 'बी उगवलं नाही' असं माझ्या अक्षरातलं एक चिटोरं अख्ख्या तालुक्यात सापडणार नाही. चहा तसाच ठेवून उठला. पाकिटं काउंटरवर. म्हणाला, "मग तुमीच लावा."

लावतो की. व्याह्यांनाही उत्तर, मीरासाहेबलाही उत्तर. एका पाण्यात दोन्ही वाफे भिजतील.

पाकिटामागचं बारीक छापलेलं दिसत नाही. चष्मा म्हातारे लावतात. आणि माझ्याच दुकानातलं पाकीट मी काय वाचायचं?

१२ ऑक्टोबर, रविवार

पेरणी. नारळ फोडला. पाच पाकिटं पावटा लावला. हात सैल ठेवला, कंजूषपणा करून शेती होत नाही. प्रत्येक ओळीच्या टोकाला काठी रोवून तिच्यावर रिकामं पाकीट खोचलं, सरकारी प्लॉटवर असतं तसं. लांबून फार शास्त्रीय दिसतं.

भिंतीपलीकडच्या दगडाबाई स्टुलावर चढून बघत होत्या. एकट्या असतात, वय सत्तरीच्या पुढं. म्हणाल्या, "शेठ, येवढं बी? कोंबड्या पाळल्यात व्हय?" अडाणी बाई. दुर्लक्ष केलं.

२० ऑक्टोबर

आठ दिवस झाले. वर काही नाही. आत चाललं असेल.

सविता स्वयंपाकघरात फोनवर हळू बोलत होती. तिला वाटतं मला ऐकू येत नाही. "आगं, सकाळी मातीवर कान ठेवून पालथे पडले होते. मला वाटलं चक्कर आली." बारीक अंकुर फुटताना आवाज येतो असं मी कुठंतरी ऐकलं आहे. माझ्यासारखा कान असेल तरच येतो. आज आला नाही, कारण मागं रस्त्याला जेसीबी चालू होता.

२६ ऑक्टोबर

दोन आठवडे. गाजराचे चार-दोन केस वर आलेत. वांग्याची दोन रोपं. हरभरा बरा आहे. पावटा शून्य.

शांतपणे विचार केला. बी उगवलं नाही तर दोष दोघांपैकी एकाचा असतो, बियाण्याचा नाही तर मातीचा. बियाणं माझं, म्हणजे त्यात दोष नाही. मीरासाहेबला मातीचं सांगितलं तेव्हा प्रश्न तिथंच मिटला. इथं माती व्याह्यांची आहे. व्याह्यांच्या मातीत दम नाही असं म्हटलं तर हर्षदाला त्या घरात जेवण जाणार नाही.

म्हणून पाण्याचा दोष. बोअरचं पाणी जड आहे.

२ नोव्हेंबर, रविवार

उरलेली सहा पाकिटं लावली, रिकामी तशीच काठ्यांवर खोचली. पाणी फिल्टरचं. वीस लिटरचे दोन जार रोज सांगितलेत. जारवाला विचारत होता, पाहुणे आलेत का. सविता म्हणाली, "पाहुणे न्हाईत, पावटा आहे." बाईमाणसानं परक्यासमोर असं बोलू नये.

जयसिंगरावांचा फोन. "काय म्हणतोय पावटा?" म्हटलं, निवांत आहे. खोटं नाही बोललो.

९ नोव्हेंबर

दुकानात बसलं की रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवरचं सगळं ऐकू येतं. याच कानांवर मी दुकान उभं केलं. कुणाच्या उसाला तोड आली, कुणाला किती खत लागणार, गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत मला ठाऊक असतं.

आज ऐकलं. मीरासाहेब कोरेगाव भीमाला एका गोडाऊनवर वॉचमन लागला. बारा तासांची ड्यूटी. रान पडीक. दुसऱ्यांदा पेरायला हातात काही उरलं नव्हतं म्हणे. एक जण म्हणाला, "आन् पावट्याचा आसला हात दुसऱ्या कुणाचा न्हवता." दुसऱ्यानं माझ्या दुकानाकडं मान हलवून काहीतरी म्हटलं. तेवढं मात्र ऐकू आलं नाही. ट्रक गेला.

बरंच झालं म्हणायचं. फिक्स पगार, डोक्यावर पत्रा. शेतीत काय ठेवलंय?

१८ नोव्हेंबर, सकाळी साडेसात

उगवला!!

भिंतीच्या पायथ्याला पाणी वाहून जायचं भोक आहे, त्याच्या तोंडाशी. वेल आहे. चांगला बोटभर जाड. काल नव्हता, किंवा मी वाकून पाहिलं नव्हतं. दुसऱ्या पेरणीला पंधरा-सोळा दिवस आणि दीड हात वेल! दुकानातलं कुठलंही पुस्तक काढून बघा, हा स्पीड सापडणार नाही. फिल्टरच्या पाण्याचा रिझल्ट.

सविताला नेऊन दाखवला. तिनं वेलाकडं बघितलं, भोकाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "चहा ठेवते." आनंदानं बोलणं सुचत नसेल.

३० नोव्हेंबर

वेल भिंतीच्या निम्म्यावर. दोऱ्या बांधल्या, बुडाला शेणखत, वर लिक्विड खत. बाकीची पाकिटं उगवली नाहीत, पण एकाच वेलात अकरा पाकिटांचा जोर आलाय असं माझं मत आहे.

वांग्याची दोन्ही रोपं कुणाच्या तरी शेळीनं खाल्ली. शेळीसुद्धा चांगल्या वाणालाच तोंड लावते.

७ डिसेंबर

फूल आलं! महिन्यात फूल! मीरासाहेबला बोलावून दाखवावं असं फार वाटलं. बघ म्हणावं, तेच बी. पण तो ड्यूटीवर. जाऊ दे, माणसाला हरल्यावर आणखी हिणवू नये.

फोटो काढून जयसिंगरावांना पाठवला. उत्तरात नुसता अंगठा आला.

पलीकडून दगडाबाई कुणाला तरी सांगत होत्या, "औंदा येल सगळा तिकडंच पळालाय. आमच्याकडं नुसतं खोड." म्हणजे त्यांच्याकडंही पावटा आहे आणि नीट येत नाही. निगा नको का राखायला?

१७ डिसेंबर

हरभरा पोपटांनी नेला. थवाच उतरला. मी थाळी घेऊन धावलो, तर एक जण घाट्याच्या डहाळीसकट उडाला आणि समोरच्या तारेवर बसून माझ्यादेखत खाल्ला. गाजर उपटून बघितलं. मिरचीएवढं आहे, पण रंग गाजराचाच.

हर्षदाचा फोन. "बाबा, सासरे रोज जेवताना विचारतात, काय काय उगवलं म्हणून. सगळे हसतात. मी पण हसते. तुम्ही सरळ बाजारातून आणा ना सगळं." शेवटचं वाक्य बोलताना तिचा आवाज जरा चिरकला. तिखट कानांचा हा एक तोटा आहे.

म्हटलं, बेटा, पावटा तर घरचाच आहे. भोगीत पावटाच मुख्य. ती म्हणाली, "नक्की ना बाबा?" म्हटलं, बुडापासून शेंड्यापर्यंत.

२ जानेवारी २०२६

शेंगा भरल्या. दोनदा मोजल्या, एकशे चौदा. दगडाबाई भिंतीवरून म्हणाल्या, "शेठ, तोडल्या की मूठभर इकडं बी द्या बरं का." लोकांना फुकटची सवय लागली आहे. देईन म्हटलं. मोठं मन ठेवावं.

१३ जानेवारी, भोगी

दुपारी तीन.

व्याही, विहीणबाई, जावई, हर्षदा, सगळे आले. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, खिचडी, भोगीची भाजी. वांगी, गाजर, हरभरा सविता बाजारातून कधी घेऊन आली मला कळलं नाही. मी जेवणाआधीच जाहीर केलं की तेवढं बाहेरचं आहे, पावटा मात्र माझा. जयसिंगराव भाकरीच्या तुकड्यानं भाजी पुसून खात होते. म्हणाले, "पावटा झ्याक हाय." हर्षदा हसली. दसऱ्यापासून पहिल्यांदा.

इथंच थांबायला हवं होतं. मीच म्हटलं, चला, वेल दाखवतो.

संध्याकाळी सहा.

जयसिंगराव वेलापाशी उकिडवे बसले. माझ्या दोऱ्या बघितल्या, शेणखत बघितलं. मग शेंड्यापासून वेल हातात धरून खाली खाली येत गेले. भोकापाशी हात थांबला. भोकात घातला. कोपरापर्यंत आत गेला. मग उठून भिंतीवरून हाक मारली, "मावशी, पावटा तुमचा का?"

दगडाबाई म्हणाल्या, "व्हय की. जूनात लावलाय. मीरासाहेबानं दिल्तं बी, त्याच्या घरचं. मूठभरच ऱ्हायलं हुतं. येकराला पुरंना म्हणून बिचारा शेठच्या दुकानात गेला."

विहीणबाई तुळशीकडं बघायला लागल्या. जावई मोबाईल बघायला लागले. हर्षदा माझ्याकडं बघत होती.

जयसिंगरावांनी काठीवरचं एक पाकीट काढलं. खिशातून चष्मा काढून डोळ्यांना लावला आणि मागची बाजू वाचली. हळू म्हणाले, "पाव्हणं, मुदत गेल्या मार्चातच संपलीया." मी म्हटलं, छपाईची चूक असेल. त्यांनी दुसरं काढलं, तिसरं काढलं. अकराही बघितली. मग विचारलं, "मीरासाहेबाला हीच दिलीती?"

मला ऐकू आलं.

पाकिटाची घडी करून त्यांनी माझ्या सदऱ्याच्या खिशात ठेवली. निघताना एवढंच म्हणाले, "माती ऱ्हाऊ द्या. तिचा काय गुन्हा?" हर्षदा गाडीत पुढं बसली. काच वर होती.

१४ जानेवारी, संक्रांत

दुकान उघडलं नाही. सविताचा चष्मा लावून गोडाऊनमधली खोकी तपासली. त्या लॉटची आणखी दोन खोकी निघाली. मार्चमध्ये मुदत संपणारा माल मागं सरकवून पुढं नवीन लावायचा, असं मीच सांगितलं होतं, की उलटं सांगितलं होतं, आठवत नाही. उलटंच असणार.

सविता तिळगूळ घेऊन आली. गोड बोला असं म्हणाली नाही. म्हणाली, "कोरेगावची बस सकाळी असते."

१६ जानेवारी

सविताला सांगितलं पुण्याला माल बघायला जातो. ती म्हणाली, "बरं. त्याला चहा पाजा."

गोडाऊनच्या गेटवर मीरासाहेब. निळा युनिफॉर्म, खांद्यावर ढिला. मला बघून खुर्चीवरून उठला. "या शेठ." बसमध्ये बोलायचं सगळं पाठ केलं होतं. कंपनीची चूक, छपाई, लॉट, माझंही नुकसान. त्यानं रजिस्टर पुढं सरकवलं. "आधी नोंद करा. त्याबिगर आत सोडाया येत न्हाई."

मी म्हटलं, आत नाही जायचं, तुलाच भेटायला आलोय. म्हणाला, "मग मला भेटायची नोंद करा. क्यामेरा हाय वर."

नाव लिहिलं. गाव लिहिलं. पुढं 'कामाचे स्वरूप'. पेन थांबलं. मागं एक टेम्पो हॉर्न वाजवत होता. मीरासाहेब म्हणाला, "रकाना रिकामा ऱ्हात न्हाई, शेठ. सायेब वरडत्यात."

खिशातून सविताचा चष्मा काढला आणि लिहिलं.

त्यानं वही फिरवून घेतली. एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचलं. बराच वेळ वाचलं. मग वही परत माझ्याकडं फिरवली. "सही ऱ्हायली."

सही केली. वेळ ११.२०. कामाचे स्वरूप : बी उगवलं नाही.