बारा व्होल्टचा ट्रिगर

गोंडपिपरी, गुरुवार

प्रिय हेमराजभाऊ,

बापूरावचा रामराम. तुमचा गुडघा आता कसा आहे? इकडे धान निसवायला लागलं आहे, माझी प्रकृती ठणठणीत आहे आणि तुमच्या बहिणीवाचून माझं काही अडलेलं नाही, हे आधीच लिहून ठेवतो.

पोळ्याला आलात तेव्हा तुम्ही गाण्याची ती यंत्रणा बसवून दिलीत, ती झकास चालते. ॲम्प्लिफायरच्या पाठीमागे ट्रिगर नावाचं भोक आहे, दारावरची बेल दाबली की त्यात बारा व्होल्ट शिरतात, चालू भजन आपोआप थांबतं आणि भरून ठेवलेला आवाज बोलतो, हे तुम्हीच मला तीनदा समजावलं होतं. (आवाज तुमच्या गुणाबाईचा भरला. माझा भरला तेव्हा नुसता खोकलाच आला.) ती एवढंच म्हणते, "थांबा, येतो जी."

माझं चुकलं ते इतकंच, की रविवारी सकाळी शेजारच्या लटारूला मी कुंपणावरून ऐटीत सांगितलं, "घरात ट्रिगर आला." त्याला ऐकू आलं टायगर. (जंगल खात्याचे साहेब येऊन येऊन आपल्याकडे सगळेच वाघाला टायगर म्हणायला लागलेत.) मी भजन चालूच ठेवून निवांत दाढी करायला न्हाव्याकडे गेलो. इकडे दारासमोर काठ्या-कुऱ्हाडी घेऊन अर्धा मोहल्ला गोळा झाला. कोण्या शहाण्याने बेल दाबली. भजन थांबलं आणि आतून गुणाबाई शांतपणे म्हणाली, "थांबा, येतो जी." पण येईना. पुन्हा दाबली, पुन्हा तेच. सातव्यांदा लटारूने हंबरडा फोडला, "अरे, बाई वाघाच्या तावडीत हाये, तरी आपल्याले थांबा म्हनून राह्यली!"

गुणाबाई गेली होती चक्कीवर. ती पिठाचा डबा घेऊन परतली आणि तिने गर्दीच्या मागून विचारलं, "कोन मेलं जी?" लटारू वळला आणि होता तिथेच मटकन बसला.

मी अर्ध्या दाढीने धावत आलो आणि मला हसू आवरलं नाही. ही दुसरी चूक. ती म्हणाली, "माहा आवाज ठेवला ना घरी? मंग मी काऊन पाह्यजे इथी?" आणि दुपारच्या बसने तुमच्याकडे ब्रह्मपुरीला निघून आली. राहू द्या तिला हवं तितकं. मला काही घाई नाही.

तुमचा,
बापूराव

ता. क. वीज गेली तर तो भरलेला आवाज पुसला जात नाही ना? तेवढं कळवा.

पुन्हा ता. क. रोज संध्याकाळी मी बाहेर जाऊन स्वतःच बेल दाबतो. ती म्हणते, "थांबा, येतो जी." मी पायरीवर बसून थांबतो. काल तासभर थांबलो. हे तिला सांगू नका.

नाही, सांगाच.