किल्लेवालीचा दुसरा भाग

प्रिय दादा,

रविवारी आपल्या पल्लवीचं लग्न आहे, दौंडला, आणि हळदीची तयारी सोडून मी तुला पत्र लिहीत बसलेय. कारण तू! तुला जाऊन दोन वर्षं झाली, तरी माझ्या डोक्याला ताप द्यायचं काही थांबवलं नाहीस.

तुझ्या लेकीचा एकच हट्ट. वरातीत पप्पांची ती किल्लेवाली चाल वाजली पाहिजे, आणि पूर्ण वाजली पाहिजे. आता पूर्ण कुठून आणू? तुझ्या बेंजो पार्टीतल्या बाळूला पहिलाच भाग येतो. दुसरा सुरू झाला की तो कीबोर्डवर नुसता सूर धरून उभा राहायचा आणि बोटं तुझी एकट्याची चालायची. "शिकव की त्याला," असं मी किती वेळा म्हणाले असेन? "पुढच्या सीझनला," हे तुझं ठरलेलं उत्तर.

म्हटलं, घाबरायचं काय, चाल तर गेममधली आहे! शिरूरच्या स्टँडामागच्या दुकानात शाळा बुडवून तू जो किल्ल्याचा व्हिडिओ गेम खेळायचास, त्यातली. पहिला भाग पहिल्या दारापासून वाजतो आणि दुसरा फक्त शेवटच्या बुरुजावर, असं तूच सांगायचास. तिथवर तुझ्याशिवाय पोचलं होतं कोण? मी तर दुसऱ्या दारातच मरायचे.

तो गेम आता मोबाईलवर नव्यानं आलाय. "संगीत मूळ गेमप्रमाणे जसंच्या तसं," असं वर लिहिलेलं. घेतला. मग महिनाभर रोज कंपनीच्या बसमध्ये तुझी त्रेचाळीस वर्षांची बहीण अंगठे झिजवत किल्ला चढत होती! शेजारी बसणारी मावशी एक दिवस म्हणालीच, "आवं ताई, पोरं खेळत्यात त्ये. तुमास्नी काय झालंय?" काय सांगू तिला?

परवा पोचले एकदाची बुरुजावर. कान लावला. आणि वाजलं काय? पहिलाच भाग! संपला की पुन्हा तोच. पुन्हा तोच. दादा, मी कंपनीत क्वालिटीला आहे. सॅम्पलशी पीस जुळला नाही तर अख्खा लॉट परत पाठवते. गेम बनवणाऱ्यांना तिथंच बसमधून मोडक्या इंग्रजीत तक्रार ठोकली. अर्धी चाल खाल्लीत तुम्ही, असलं अर्धवट काम विकता कसं?

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. सोबत गेमच्या जुन्या कॅसेटवरून थेट उतरवलेलं बुरुजावरचं संगीत. ऐकलं. तेच आणि तेवढंच. दुसरा भाग त्यात नव्हताच! वैतागून मी बाळूला फोन लावला.

बाळू म्हणाला, "आगं संगे, पाबळच्या वरातीत त्यानं सोताची चाल वाजवली व्हती, आठवतंय का? लोकं म्हनली, ह्ये कसलं, वळखीचं वाजीव. मधीच थांबवला त्याला. त्याच्यानंतर ही किल्लेवाली निघाली. म्या इचारलं तवा म्हनला, गेममधली हाय."

म्हणजे तो दुसरा भाग तुझा स्वतःचा होता! शाबास रे पठ्ठ्या. लोक नाचले, शिट्ट्या मारल्या, जयंतीच्या मिरवणुकीत भीमगीतं संपली की किल्लेवालीची फर्माईश यायची, आणि तू श्रेय कुठल्या परक्या गेमला देऊन मोकळा! मला सांगायला काय झालं होतं? मी काय हसले असते?

हसले असते. पाबळच्या वेळी हसलेच होते. "आला बघा मोठा संगीतकार," असं घरात सगळ्यांसमोर चिडवलं होतं तुला, आणि तू त्या दिवशी जेवला नव्हतास. फोन ठेवल्यावर मला हे आठवलं. तेव्हापासून तुझ्यावर चिडू की स्वतःवर, तेच कळत नाही.

लोकांच्या मोबाईलमधले जुने व्हिडिओ मागवून पाहिले. सगळ्यांत आरडाओरडा, तुझा बेंजो कुठंच नीट ऐकू येत नाही. शेवटी काल बाळू कीबोर्ड घेऊन घरी आला. मी दुसरा भाग गुणगुणत गेले, तो शोधत गेला. बराचसा जमला. पण संपायच्या जरा आधी तू एक वळण घ्यायचास ना, तिथं आमचं जुळेना. मी म्हणते चाल वर जाते, तो म्हणतो खाली येते. आता तक्रार कुणाकडं करायची? सांग ना!

मग ते वळण माझ्या आठवणीतलं ठेवलं. चुकलेलंही असेल. तुला राग आला तर येऊ दे.

पण एक नक्की करणार. रविवारी वरात निघाली की बाळूकडचा माईक मी घेणार आणि सगळ्या दौंडकरांना ऐकू जाईल असं सांगणार, "पहिला भाग गेममधला हाय. दुसरा माझ्या दादाचा हाय."

तुझ्यावर अजून चिडलेली,
संगी